‘माणूस’मधला शिपाई आणि नायकाची मोहिनी

गेल्या पावसाळ्यांत आमच्या नाशकांतील एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यांत आम्ही दहाबारा मंडळी जमलों होतों. बाहेर पावसाची झड लागली होती, आणि आंत पडद्यावरहि पाऊसच पडत होता. प्रभात फिल्म कंपनीचा १९३९ सालचा ‘माणूस’ हा बोलपट आम्ही पुन्हा एकदां पाहत होतों. चित्रपट संपला, दिवे लागले, चहा आला, आणि चहाबरोबर वाद आला. वादाचा विषय दिग्दर्शनाचा नव्हता, संगीताचा नव्हता, कथानकाचाहि नव्हता. गणपत शिपायाची भूमिका करणारे शाहू मोडक यांच्या ठिकाणीं नायकाला लागणारी मोहिनी आहे कीं नाहीं, एवढाच प्रश्न होता. पण त्या एवढ्याशा प्रश्नावर सुशिक्षित, पोक्त, एरव्हीं संयमानें बोलणारीं माणसें अशीं कांहीं हमरीतुमरीवर आलीं कीं, चहा निवून गेला तरी कोणाला त्याची शुद्ध राहिली नाहीं.

तीन पक्ष पडले होते. पहिल्या पक्षाचे म्हणणें असें कीं, मोडकांचा गणपत हा शिपाई वाटतच नाहीं. कोणीतरी देव्हाऱ्यांतला बाळकृष्ण उचलून त्याला खाकी डगला चढविला आहे, आणि सगळा चित्रपट मैनेचें काम करणाऱ्या शांता हुबळीकर यांनीं आपल्या खांद्यावर ओढून नेला आहे. दुसरा पक्ष एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा. त्या म्हणाल्या, “ह्या मुलाच्या चेहऱ्यावर लाज आहे. लाज असलेला पुरुष आम्हां बायकांना पडद्यावर फार थोड्या वेळां पाहावयास मिळाला.” तिसरा पक्ष एका तरुणाचा. त्याची भक्ति अमेरिकन चित्रपटांतल्या हम्फ्री बोगार्टवर. त्याच्या मतें अंधाऱ्या गल्ल्या, ओले रस्ते आणि पतित स्त्री एवढी सामग्री जमवून जो नायक उभा करावयाचा, तो हॉलिवुडनें पुढें दोनच वर्षांत उभा करून दाखविला, आणि त्याच्यापुढें आमचा गणपत म्हणजे शाळकरी पोर.

आम्हीहि त्या वादांत होतों, आणि खरें सांगावयाचें तर पहिल्या पक्षांत होतों. त्या रात्रीं घरीं परततांना मात्र आमच्या मनांत एक शंका शिरली. नायकाची मोहिनी म्हणून जिला आपण म्हणतों ती नटाच्या ठायीं असते, कीं पाहणाऱ्याच्या गरजेंत असते? ह्या शंकेचा माग काढावयाचा तर थोडें मागें जावें लागतें. आणि आम्हां नाशिककरांचें भाग्य असें कीं, हा माग आमच्याच गांवापासून निघतो.

त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मलेले दादासाहेब फाळके यांनीं १९१३ सालीं मुंबईस ‘राजा हरिश्चंद्र’ दाखविला आणि मग आपला सारा कारखाना नाशकास आणला. त्यांच्या पहिल्या चित्रपटांत तारामतीचें काम करावयास स्त्री मिळेना, म्हणून मुंबईच्या ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहांत काम करणारे अण्णा साळुंके यांना त्यांनीं लुगडें नेसविलें, ही गोष्ट आज सर्वश्रुत आहे. पण आमच्या विषयाच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाची गोष्ट चार वर्षांनंतरची आहे. १९१७ सालच्या ‘लंकादहन’मध्यें ह्याच साळुंक्यांनीं राम आणि सीता ह्या दोन्ही भूमिका केल्या. एकच मनुष्य एका प्रसंगांत वियोगानें व्याकूळ झालेला पति आणि दुसऱ्या प्रसंगांत अशोकवनांतली पत्नी! दंडाचे स्नायु लुगड्यांतून दिसत होते, तरी लोकांना त्याचें कांहीं वाटलें नाहीं. राम पडद्यावर येतांच लोक पायांतल्या वहाणा काढीत, असें त्या काळच्या आठवणींत सांगतात.

येथें मोहिनी कोणाची? साळुंक्यांची खचित नव्हे. ती रामाची होती. प्रेक्षकाच्या मनांत राम आधींच मुक्कामाला होता. पडद्यावरच्या सावलीनें फक्त त्याला बाहेर येण्यास दार उघडून दिलें. असा नट सुंदर आहे कीं नाहीं, सतेज आहे कीं नाहीं, असा वाद कोणी घालीत नसे, कारण मूर्तीच्या दगडाबद्दल कोणी वाद घालीत नाहीं. नायकाच्या आकर्षणाची ही पहिली पायरी. ती पुढें बोलपटांतहि टिकली. १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’मधील विष्णुपंत पागनीस हे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत आलेले नट, पण तुकारामाचे अभंग त्यांच्या मुखांतून बाहेर पडूं लागतांच लोकांनीं नटाला बाजूला सारून संताला हात जोडले.

दुसरी पायरी रंगभूमीची. तेथें वाद होते, आणि ते कसे रंगत हें मराठी घरांना निराळें सांगावयास नको. नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व श्रेष्ठ कीं केशवराव भोसले श्रेष्ठ, ह्यावर घराघरांत तट पडत. एकाचे चाहते माधुर्याचे, दुसऱ्याचे तेजाचे. १९२१ च्या जुलै महिन्यांत टिळक स्वराज्य फंडासाठीं दोघांनीं मिळून मुंबईस ‘संयुक्त मानापमान’ केलें, बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर; आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आंत केशवराव वारले. तेव्हां तो वाद मिटला नाहीं, उलट कायमचा झाला. कारण वादांतला एक पक्षकार नाहींसा झाला कीं निकाल लागण्याची सोयच उरत नाहीं. ह्या वादांत मोहिनी होती ती कलेची. गळा, तान, लकब, पदर सांवरण्याची ढब, ह्या गोष्टी मोजतां येत, पारखतां येत, त्यांच्यावर भांडतां येई.

आणि ही कलेची मोहिनी पडद्यावर जशीच्या तशी येत नाहीं, ह्याचा प्रत्यय १९३५ सालीं आला. व्ही. शांताराम यांनीं ‘धर्मात्मा’ ह्या बोलपटांत बालगंधर्वांना एकनाथांची भूमिका दिली. आयुष्यभर ज्यांनीं सिंधु, भामिनी आणि रुक्मिणी सजविल्या, ते नटसम्राट प्रथमच पुरुषवेषानें चित्रपटांत आले. पन्नाशीकडे झुकलेला तो चेहरा कॅमेऱ्यानें इतका जवळ आणून दाखविला कीं, रंगमंचाच्या दिव्यांनीं आणि अंतरानें वर्षानुवर्षें राखलेली माया तेथें उरली नाहीं. प्रभातशीं ठरलेला सहकार पुढें चालला नाहीं. बालगंधर्वांची थोरवी ह्यानें कमी होत नाहीं. इतकेंच कळतें कीं, कॅमेरा नटाकडे गळा मागत नाहीं, तो चेहरा मागतो. आणि चेहऱ्यांतहि तो सौंदर्य शोधीत नाहीं, विचार शोधतो. मनांत चाललेली घालमेल चेहऱ्यावर उमटते कीं नाहीं, एवढेंच तो पाहतो.

आतां शाहू मोडक यांच्याकडे वळूं. अहमदनगरच्या एका ख्रिस्ती कुटुंबांत १९१८ सालीं त्यांचा जन्म झाला. १९३२ सालीं भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’मध्यें वयाच्या चौदाव्या वर्षीं ते कृष्ण झाले, आणि तो चित्रपट मुंबईस आठवड्यांमागून आठवडे चालला. पुढच्याच वर्षीं ‘औट घटकेचा राजा’मध्यें त्यांनीं दुहेरी भूमिका केली, बोलपटांतली ती पहिली दुहेरी भूमिका म्हणून तिचा उल्लेख होतो, म्हणजे साळुंक्यांचाच वारसा एका परीनें त्यांच्याकडे आला. पुढें आयुष्यभर कितीतरी चित्रपटांत ते कृष्णच होत राहिले. १९४० सालीं प्रभातनें त्यांना ‘संत ज्ञानेश्वर’मध्यें ज्ञानेश्वर केलें. ख्रिस्ती घरांतल्या मुलाला वारकऱ्यांच्या माउलीच्या रूपांत महाराष्ट्रानें मनोभावें स्वीकारावें, ही गोष्ट आजच्या दिवसांत पुन्हा एकदां आठवण्याजोगी आहे. आणि ह्या दोन देवत्वांच्या मधोमध, एकीकडे कृष्ण आणि दुसरीकडे ज्ञानेश्वर, अशा सांदींत वयाच्या एकविसाव्या वर्षीं त्यांनीं पोलीस शिपाई गणपतची भूमिका केली.

ज्यांनीं चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठीं कथा थोडक्यांत सांगतों. गणपत हा सरळ, प्रामाणिक शिपाई. एका वेश्यावस्तीवर पोलिसांचा छापा पडतो, आणि त्या धांदलींत तो मैना नांवाच्या स्त्रीला पकडण्याऐवजी वांचवितो. दोघांचा स्नेह जडतो. तिला त्या चिखलांतून काढावें, आपल्या देवभोळ्या आईच्या घरांत सून म्हणून न्यावें, अशी त्याची धडपड. पण मैनेच्या मनांतली अपराधाची भावना तिला त्या घराच्या उंबरठ्यावर उभें राहूं देत नाहीं. तिला छळणाऱ्या नीच मामाचा तिच्या हातून खून होतो, ती तुरुंगांत जाते, आणि तिला सोडविण्याची गणपतची तयारी असतांहि ती त्याला नकार देते.

हें सारें शांतारामांनीं ज्या प्रकाशांत दाखविलें त्याचा विचार येथें अवश्य केला पाहिजे. चित्रपटाचा आरंभ चेहऱ्यांनीं होत नाहीं, पावलांनीं होतो. त्यांतला बराचसा भाग रात्रींचा आहे: अरुंद बोळ, मिणमिणते दिवे, जिन्याच्या कठड्यांच्या भिंतीवर पडलेल्या लांब सावल्या. १९३३ सालीं ‘सैरंध्री’ ह्या चित्रपटाच्या रंगांच्या कामासाठीं शांताराम जर्मनींत गेले होते, आणि तेथून परतल्यावर १९३४ च्या ‘अमृतमंथन’मध्यें राजगुरूचा एकच डोळा सगळा पडदाभर पसरून त्यांनीं प्रेक्षकांना थक्क केलें होतें. छायाप्रकाशाचें हें शिक्षण जर्मन चित्रपटांचें. योगायोग असा कीं, ज्या १९३३ सालीं शांताराम जर्मनींत गेले, त्याच सालीं हिटलरच्या राज्याला कंटाळून फ्रिट्झ लांग, बिली वाइल्डर, रॉबर्ट सिओडमाक हे दिग्दर्शक जर्मनींतून बाहेर पडले, आणि पुढें अमेरिकेंत जाऊन त्यांनीं ज्या तऱ्हेचे चित्रपट केले, त्यांना १९४६ सालीं पॅरिसमध्यें नीनो फ्रांक ह्या टीकाकारानें ‘फिल्म न्वार’, म्हणजे काळा चित्रपट, असें नांव दिलें. एकाच डोंगरांतून निघालेले हे दोन ओढे. एक कॅलिफोर्नियाकडे वळला, दुसरा पुण्याच्या डेक्कन जिमखान्याकडे. आमच्या तरुण मित्राला आम्हीं हें सांगितलें असतें तर बरें झालें असतें: ‘माणूस’ १९३९ चा, बोगार्टचा ‘द माल्टीज फाल्कन’ १९४१ चा. आमच्या शिपायानें कोणाची नक्कल केलेली नाहीं.

पण अग्रक्रम हा कांहीं मोहिनीचा पुरावा नव्हे. शिपायाला नायक करणें ह्यांत त्या काळीं काय जोखीम होती, हें पाहिलें तर गणपतच्या आकर्षणाचा पहिला धागा हातीं येतो. आमच्या ह्या नाशकाला पोलीस शिपायाची ओळख जुनी आहे. फौजदार तयार करणारी शाळा ह्याच गांवीं होती. १९३० च्या मार्चमध्यें डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरूं झाला, तेव्हां मंदिराच्या दारांपाशीं पहारा होता तो पोलिसांचा. त्याच वर्षीं मिठाच्या सत्याग्रहांत देशभर लाठी चालली ती शिपायाच्याच हातून. येथल्या तुरुंगांत साने गुरुजींनीं १९३३ सालीं ‘श्यामची आई’ लिहिली, तेव्हां दाराबाहेर उभा होता तोहि असाच कोणी खाकीतला मनुष्य. म्हणजे मराठी मध्यमवर्गाच्या मनांत शिपाई हा सरकारचा हात होता. त्याला चेहरा नव्हता. १९३७ सालीं मुंबई इलाख्यांत काँग्रेसचें मंत्रिमंडळ आलें आणि पहिल्यांदाच हा हात आपलाहि असूं शकेल असें लोकांच्या मनांत आलें. ठीक अशा वेळीं शांतारामांनीं त्या हाताला चेहरा दिला, आणि तो दिला कोणाचा? लोकांनीं ज्याला कृष्ण म्हणून पाहिलें होतें, त्याचा.

दिवाणखान्यांतला आमचा आक्षेप हाच होता कीं, देव्हाऱ्यांतल्या बाळकृष्णाला खाकी चढविली आहे. आतां वाटतें, दिग्दर्शकाला हेंच करावयाचें होतें. राकट, पिळदार मिशांचा, दरडावणारा नट घेतला असता तर तो शिपाई खरा वाटला असता; पण त्याच्या मनाची घालमेल आम्हीं पाहिली नसती, आम्ही त्याच्या काठीकडेच पाहत राहिलों असतों. मोडकांच्या मऊ चेहऱ्यावर ती टोपी जड वाटते, तो डगला दुसऱ्या कोणाचा असावा असा वाटतो. आणि गणपतचें दुःख नेमकें हेंच आहे कीं, तो ज्या गणवेषांत उभा आहे त्या गणवेषाचा तो पुरता नाहीं.

दुसरा धागा ‘देवदास’चा. १९३५ सालीं प्रमथेश बरुआ यांनीं शरदबाबूंची कादंबरी बंगालींत पडद्यावर आणली, आणि तिच्याच हिंदी आवृत्तींत सैगल यांनीं देवदास केला. प्रेमांत हरलेला, दारूंत बुडालेला, हळूहळू मरणाकडे चाललेला तो नायक तरुणांच्या मनांत असा भरला कीं, निराशा हीच एक शोभा होऊन बसली. ‘माणूस’ हा त्या वृत्तीला शांतारामांनीं दिलेला जाबच मानला जातो. गणपतहि हरतो. पण हरण्याचें तो प्रदर्शन करीत नाहीं. त्याच्या पुढ्यांत आई आहे, नोकरी आहे, उद्यां पुन्हा पहारा आहे. ह्याच चित्रपटांत बॉम्बे टॉकीजच्या बोलपटांतल्या गोड गोड प्रणयप्रसंगांचीहि थट्टा आहे. म्हणजे दिग्दर्शकाला दोन प्रकारचे नायक नको होते: एक बागेंतल्या झाडाभोंवतीं गाणारा, दुसरा बाटलींत बुडणारा. त्याला तिसरा हवा होता. तो तिसरा, सकाळीं उठून कामावर जाणारा. अशा नायकावर लोकांचें प्रेम बसतें तें हळूहळू बसतें, आणि पहिल्या भेटींत तो फिका वाटतो. मोडक फिके वाटतात त्यांत हेंहि एक कारण असावें.

आतां बोगार्टचा पक्ष. ‘द माल्टीज फाल्कन’मधला गुप्तहेर सॅम स्पेड हा जग जाणणारा मनुष्य आहे. तो फसत नाहीं. निदान फसलों हें कोणाला कळूं देत नाहीं. ज्या स्त्रीवर कदाचित् त्याचें मन जडलें आहे, तिनेंच आपल्या सहकाऱ्याचा खून केला हें कळतांच तो तिला पोलिसांच्या स्वाधीन करतो. त्याची मोहिनी त्या कोरड्या डोळ्यांत आहे. प्रेक्षकाला वाटतें, आपणहि असे असतों तर! आमच्या गणपतची गोष्ट उलटी. स्पेड हा सरकारी पोलीस नाहीं, आणि तो स्त्रीला कायद्याच्या हवालीं करतो; गणपत हा सरकारी शिपाई आहे, आणि तो आरंभींच स्त्रीला कायद्यापासून लपवितो. एकाची गोष्ट जेथें संपते तेथें दुसऱ्याची सुरूं होते. स्पेडकडे पाहून माणसाला आपण जसे असावें असें वाटतें तें दिसतें. गणपतकडे पाहून आपण जसे आहों तें दिसतें. पहिलें सुख मोठें आहे, ह्यांत शंका नाहीं. पण दुसरें जास्त दिवस टिकतें.

आपल्याकडेहि ह्या कोरड्या डोळ्यांचा नायक लवकरच आला. १९४३ सालच्या ‘किस्मत’मध्यें अशोककुमार यांनीं खिसेकापू नायक उभा केला, आणि कलकत्त्याच्या रॉक्सी चित्रगृहांत तो चित्रपट तीन वर्षांहून अधिक काळ चालला. ‘फिल्मइंडिया’ मासिकाचे संपादक बाबुराव पटेल यांनीं गुन्हेगाराला नायकाची शोभा दिल्याबद्दल त्या चित्रपटावर कडक टीका केली. वाचकांच्या प्रश्नांना उत्तरें देण्याची बाबुरावांची प्रथा सर्वांच्या परिचयाची होती. अमुक नट मोठा कीं तमुक, ह्या प्रश्नांचा त्यांच्या टपालाला तोटा नसे. लोक मात्र संपादकांचें ऐकून घेत आणि पुन्हा तिकिटाच्या रांगेंत उभे राहत. नीतीचा निर्णय एक आणि मोहिनीचा निर्णय दुसरा, हें त्या रांगेनें सिद्ध केलें.

पुढचा टप्पा पुन्हा पुण्याचाच. शांताराम १९४२ सालीं प्रभात सोडून गेल्यावर त्याच स्टुडिओंत दोन तरुण आले: गुरुदत्त नृत्यदिग्दर्शनाच्या कामावर, आणि देव आनंद ‘हम एक हैं’ ह्या १९४६ सालच्या चित्रपटाचा नायक म्हणून. धोब्याकडून सदऱ्यांची अदलाबदल झाली आणि दोघांची ओळख झाली, ही हकीकत पुढें दंतकथेसारखी प्रसिद्ध पावली. गुरुदत्तांनीं ‘किस्मत’चे दिग्दर्शक ग्यान मुखर्जी यांच्या हाताखालींहि कांहीं काळ काम केलें, आणि १९५१ सालीं ‘बाजी’ काढून देव आनंदला जुगारी नायक केलें. मुंबईच्या रात्रींचे जे चित्रपट नंतरच्या दशकांत लोकप्रिय झाले, त्यांची ही सुरुवात. म्हणजे आमच्या तरुण मित्राला जो नायक प्रिय, त्याचा देशी अवतार ज्या वास्तूंत घडला, ती वास्तु गणपतचीच. त्या वास्तूंत १९६० सालीं चित्रपटशिक्षणाची राष्ट्रीय संस्था सुरूं झाली, आणि आज तेथें मुलें-मुली प्रकाश कोठें टाकावा हें शिकतात.

एवढें सगळें जुळवून आम्हीं आपलें मत बदललें, आणि पुढच्या बैठकींत मोठ्या उत्साहानें तें मांडलें. मोडकांची मोहिनी ही लाजेची मोहिनी आहे, देवाचा चेहरा माणसाला देण्याची मोहिनी आहे, चित्रपटाचें ‘माणूस’ हें नांवच त्यांची कैफियत आहे, असें आम्ही म्हणालों. तरुण मित्रानें अर्ध्या मनानें कां होईना, मान डोलावली. पहिल्या पक्षाचे लोक गप्प बसले. आम्हीं जिंकलों असें आम्हांला वाटलें.

तेव्हां त्या निवृत्त शिक्षिकाबाई, ज्यांच्या पक्षांत आम्ही आतां सामील झालों होतों, म्हणाल्या, “दोन बैठका तुम्ही त्याच्यासाठीं भांडलांत. तुरुंगांत कोण आहे?”

आमच्याजवळ उत्तर नव्हतें. बाईंनीं आवाज न चढवितां पुढें सांगितलें. बोगार्टच्या चित्रपटांत शेवटीं स्त्री गजांआड जाते आणि नायक बाहेर राहतो. ‘माणूस’मध्येंहि शेवटीं स्त्रीच गजांआड आणि नायक बाहेर. एकानें तिला स्वतः दिलें, दुसऱ्यानें वांचवावयाचा प्रयत्न केला. पण दोघांच्या दुःखाची शोभा तिच्या शिक्षेंतून उभी राहिली. गणपतची लाज आपल्याला गोड वाटते, कारण त्याच्या लाजेची किंमत त्याला भरावी लागली नाहीं. मैनेच्या लाजेची किंमत मात्र मैनेनें भरली. “मला तो मुलगा आवडतो,” त्या म्हणाल्या, “तुम्हीं सांगितलेलीं कारणें खरींच आहेत. पण तो आवडतो म्हणून आपण स्वतःला चांगलें समजूं नये, एवढेंच.”

घरीं आल्यावर आम्ही त्या चित्रपटाचा पुन्हा विचार केला. मैनेनें वेगवेगळ्या भाषांचे तुकडे गुंफून म्हटलेलें ‘कशाला उद्याची बात’ हें गाणें महाराष्ट्राच्या तोंडीं कायमचें बसलें आहे. शांता हुबळीकर यांनीं आपल्या आत्मचरित्राला तेंच नांव दिलें. उद्यांची गोष्ट कशाला, असें म्हणणारी ती स्त्री आणि उद्यां पहाऱ्यावर जावयाचें आहे हें जाणणारा तो शिपाई, ह्या दोघांत उद्यां कोणाला मिळाला? बाईंचा प्रश्न हाच होता.

आणि तरीहि, आमच्या मतें, दिग्दर्शकाला हा प्रश्न ठाऊक होता. गणपत तिला सोडविण्यास तयार असतांना ती नकार देते. हा नकार तिचा आहे. त्या क्षणीं नायकपण त्याच्याकडून निघून तिच्याकडे जातें, आणि मोडक तें जाऊं देतात. आपल्या भूमिकेचा शेवटचा मान दुसऱ्याच्या हातीं देतांना त्यांच्या चेहऱ्यावर हरल्याचा भाव आहे, पण दाटून आलेल्या मोठेपणाचा लवलेश नाहीं. बोगार्ट असता तर त्यानें तो क्षण आपल्या एका कटाक्षानें स्वतःकडे ओढून घेतला असता. मोठ्या नटांचा तो हक्कच असतो. एकविसाव्या वर्षींच्या ह्या मुलाला तो हक्क गाजवितां आला नाहीं, कीं त्यानें गाजविला नाहीं, हें आज कोणी सांगूं शकणार नाहीं. फळ मात्र एकच: आम्ही चित्रपट संपल्यावर त्याच्याबद्दल भांडतों, आणि भांडतां भांडतां शेवटीं मैनेपाशीं येऊन थांबतों.

साळुंक्यांच्या रामापुढें लोकांनीं वहाणा काढल्या, तेव्हां त्यांना रामाकडून कांहीं मागावयाचें नव्हतें. बालगंधर्वांच्या गाण्यापुढें माना डोलल्या, तेव्हां त्यांना आनंद हवा होता. गणपतपुढें आपण बसतों तेव्हां, आम्हांला वाटतें, आपल्याला क्षमा हवी असते. आपण वाईट नव्हतों, प्रयत्न केला होता, एवढें कोणीतरी म्हणावें असें वाटत असतें. शाहू मोडक १९९३ सालीं वारले. त्यांच्या कृष्णानें कित्येकांना दर्शन दिलें असेल. गणपतनें मात्र आम्हांला क्षमा देण्याचें नाकारलें आहे. त्यानें नुसतें त्या बंद दाराकडे बोट दाखविलें आहे. फाळक्यांच्या गांवांत राहणाऱ्या आम्हां मंडळींचा तो वाद अजून मिटलेला नाहीं. पण आतां आम्ही बैठकीला बसलों कीं, पहिलें नांव मैनेचें निघतें.